विषय घेणे आणि विषय सोडणे



वारकरी बंधुभगिनींनो, कीर्तनात ‘विषय’ हा शब्द आला की श्रोते मनाशी म्हणतात, आता बुवा विषयांची निंदा करणार. शब्द, स्पर्श, रूप, रस आणि गंध हे पाच विषय जिवाला कसे गुंतवतात, हे तुम्ही आमच्या तोंडून पुष्कळदा ऐकले आहे. परंतु हाच शब्द वैशाख-ज्येष्ठात घरोघर निराळ्या अर्थाने ऐकू येतो. दहावीचा, बारावीचा निकाल लागतो, आणि ओसरीवर टेकलेला पाहुणा पाण्याचा तांब्या खाली ठेवण्याआधीच विचारतो, “काय मग, पोराने विषय कोणता घेतला?”

दोन्हीकडे शब्द एकच आहे, आणि तो उगाच नाही. वैयाकरण ‘विषय’ हा शब्द ‘षिञ्’ या धातूपासून साधतात. त्या धातूचा अर्थ बांधणे. जो बांधतो तो विषय. इंद्रियांचा विषय मनाला बांधतो. कॉलेजातला विषय पोराची तीन-चार वर्षे बांधतो, बापाचा पैसा बांधतो, आणि पुष्कळदा पुढची सारी उमर बांधून टाकतो. बांधून घेणे वाईट असे मी म्हणत नाही. तारा ताणून बांधल्यावाचून वीणा वाजत नाही. पण बांधायचे ते काय पाहून बांधायचे? आणि गाठ चुकीच्या जागी बसली असे मागाहून कळले, तर ती सोडणे हा अधर्म आहे की काय? आजच्या निरूपणाला हे दोनच प्रश्न घेतले आहेत.

एखादा म्हणेल, बुवा, हे परमार्थाचे मासिक. इथे कॉलेजाची उठाठेव कशाला? त्याला माझे उत्तर असे. वारीत मुक्कामावर जे मला एकीकडे घेऊन बोलतात, त्यांतले निम्मे लोक ब्रह्म आणि माया विचारीत नाहीत. ते विचारतात, “पोरीला सायन्स द्यावं का?” “पोरगं दुसऱ्या वर्षाला आहे, सोडतो म्हणतंय, काय करू?” ज्या चिंतेमुळे हरिपाठात मन लागत नाही, ती परमार्थाच्या वाटेवरच आडवी पडलेली आहे. ती बाजूला सारावीच लागते. शिवाय आपल्या संप्रदायाने कॉलेजाशी कधी फारकत घेतलेली नाही. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. त्यांचेच शिष्य सोनोपंत दांडेकर पुण्यास सर परशुरामभाऊ महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. वर्गातला फळा आणि खांद्यावरची पताका एकाच माणसाला शोभतात, हे त्यांनी दाखवले.

आता मूळ विचाराकडे येऊ.

आमच्या पाठशाळेत नवा शास्त्रग्रंथ हाती घेतला की गुरुजी पहिल्या दिवशी ग्रंथ शिकवीत नसत. आधी चार गोष्टी सांगून घेत: अधिकारी कोण, विषय कोणता, संबंध काय आणि प्रयोजन काय. याला शास्त्रात अनुबंधचतुष्टय म्हणतात. अधिकारी म्हणजे ज्याने शिकायचे तो. विषय म्हणजे जे शिकायचे ते. प्रयोजन म्हणजे ते शिकून पदरात काय पडणार. संबंध हा शब्द ग्रंथात ग्रंथ आणि विषय यांच्या नात्यासाठी येतो. आपण तो आज विद्यार्थी आणि विषय यांच्या नात्यापुरता घेऊ. या चारांपैकी एक नसेल, तर ग्रंथ कितीही थोर असो, तो उघडण्यात अर्थ नाही असे आमचे पूर्वाचार्य मानीत.

यातला क्रम नीट पाहा. अधिकारी पहिला आहे, विषय दुसरा. आज घरात काय होते? विषय पहिल्यांदा ठरतो. तोही कसा? शेजारच्याच्या मुलाने कॉम्प्युटर घेतले म्हणून, मेहुण्याची मुलगी मेडिकलला लागली म्हणून, नाही तर टक्के पडले आहेत ते ‘वाया’ जाऊ नयेत म्हणून. मग त्या विषयाच्या मापाचा अधिकारी घरात शोधतात. अंगरखा आधी शिवायचा आणि मग त्यात बसेल असे अंग करायचे, असला हा प्रकार आहे. अंगरखा फाटला तर शिंप्याला दोष देतात, आणि पोर गुदमरले तर पोराला.

‘अधिकार’ या शब्दाने दचकू नका. इथे अधिकार म्हणजे हुकमत नव्हे. अधिकार म्हणजे त्या विद्येसाठी लागणारी तयारी आणि त्या विद्येकडे असलेला मनाचा कल. तो ओळखायचा कसा, याविषयी आपल्या संप्रदायात तेरढोकीची कथा सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर मारून पाहिले. सगळे स्वस्थ बसले. नामदेवराय मात्र रागावले. गोरोबा म्हणाले, हे मडके अजून कच्चे आहे. ज्यांच्याशी देव बोलतो त्यांना हा शेरा! नामदेव देवाकडे तक्रार घेऊन गेले, आणि देवाने त्यांना औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे पाठवले.

या कथेतून तीन गोष्टी घ्या. पहिली, पारख कुंभाराने केली. मडके घेणाऱ्या गिऱ्हाइकाने नव्हे, रस्त्याने जाणाऱ्याने तर नव्हेच. पोराचा कल विचारायचा तर त्याला शिकवणाऱ्या शिक्षकाला विचारावा, लग्नात भेटलेल्या पाहुण्याला नव्हे. दुसरी, कच्चे म्हणजे फुटके नव्हे. कच्च्याला आवा पाहिजे. एका विद्येत कच्चे ठरलेले पोर सगळ्याच विद्यांत टाकाऊ असते असे नाही. आणि तिसरी, सगळ्यांत मोठी. एवढी कीर्ती झाल्यावरही नामदेवराय नव्याने शिकायला निघाले. आता लोक काय म्हणतील, असे म्हणून पंढरीत बसून राहिले नाहीत.

आमच्या पाठशाळेची रीतही अशीच होती. आरंभी सर्वांना एकच अभ्यास: रूपावली, अमरकोश, मग लघुकौमुदी, तर्कसंग्रह. त्या काळात गुरुजी शिकवता शिकवता पाहत असत. सूत्र सांगितले की ‘असेच का?’ म्हणून अडून बसणारा व्याकरणाकडे जाई. प्रत्येक वाक्याला शंका काढणारा न्यायाला बसे. बोटांवर गणित चालवणारा ज्योतिषाकडे वळे. एखादा वर्षभर व्याकरणात बसून मग न्यायाच्या पंक्तीला आला, तर तो ‘नापास झाला’ असे कोणी म्हणत नसे. त्याचे व्याकरण न्यायाच्या कामी येते हे सगळ्यांना ठाऊक होते.

गंमत अशी की, फिरून फिरून आजचा कायदाही तेथेच आला आहे. २०२० साली देशाचे नवे शैक्षणिक धोरण आले. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या अभ्यासाचा नवा आराखडा दिला. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी तो २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून घेतला. त्यात ‘मेजर’ म्हणजे मुख्य विषय आणि ‘मायनर’ म्हणजे जोडविषय अशी रचना आहे, आणि आयोगाच्या आराखड्यात पहिले वर्ष संपल्यावर त्याच मोठ्या ज्ञानशाखेच्या आत मुख्य विषय बदलण्याची सोय ठेवली आहे. पहिले वर्ष हे पारखण्यासाठी आहे, असाच याचा अर्थ. वैद्यकाकडे वळू पाहणाऱ्यासाठीही दार थोडे उघडले आहे: बारावीला जीवशास्त्र नसले तरी तो विषय मागाहून जादा घेऊन नीट परीक्षेला बसण्याची मुभा २०२३ पासून मिळाली आहे. सरकार दार उघडते आणि बाप ते लावून घेतो, असे होऊ नये.

आता प्रयोजन. विषय कशासाठी घ्यायचा? उपनिषदांनी मनुष्याच्या तीन एषणा सांगितल्या आहेत: पुत्रैषणा, वित्तैषणा, लोकैषणा. वित्ताची इच्छा म्हणजे पाप, असे गृहस्थाला सांगण्यासाठी मी येथे बसलो नाही. घर चालले पाहिजे, कर्ज फिटले पाहिजे, म्हातारपणी आईबापांना औषध मिळाले पाहिजे. या शिक्षणाने पोट भरेल का, हा प्रश्न योग्य आहे आणि मुलानेही तो टाळू नये. घातक आहे ती लोकैषणा, आणि तिच्यातही घातक ती, जी बाप आपल्या मुलाच्या खांद्यावर बसून भागवतो. ‘माझा पोरगा इंजिनिअर’ हे वाक्य बोलण्यासाठी बापाला एक क्षण लागतो; ते खरे करण्यासाठी पोराला चार वर्षे रोज सकाळी उठावे लागते.

लोकैषणेपोटीच आपण विषयांची उतरंड रचली आहे. वर मेडिकल, मग इंजिनिअरिंग, मग सायन्स, मग कॉमर्स, आणि तळाला आर्ट्स. “आर्ट्सला गेला म्हणजे वाया गेला,” हे मी माळकऱ्यांच्या तोंडून ऐकतो तेव्हा मला आश्चर्य वाटते. बाबांनो, तुमच्या संतमंडळीत कोण कोण होते ते आठवा! सावतोबा माळी, गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी, नामदेव शिंपी. देवाने सावतोबाला ‘आधी मळा सोड’ म्हटले नाही, की कुंभाराला ‘सोनाराचे काम शिकून ये’ म्हटले नाही. जो तो आपल्या कामात राहूनच देवाला पावला. विटेवरच्या देवाने धंद्यांची उतरंड मानली नाही, आणि त्याची वारी करणाऱ्याने मराठी आणि इतिहास शिकणाऱ्या लेकीला हिणवावे, हे कोणत्या भक्तीत बसते?

राहिला संबंध. मुलांनो, हा भाग विशेषेकरून तुमच्यासाठी आहे. नाते दोन प्रकारचे असते, जन्माने मिळालेले आणि सहवासाने झालेले. विषयाशीही तसेच. ‘मला यात रस नाही’ असे म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण चाखल्यावर! नाथमहाराजांची गोष्ट सांगतात. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबात अगदी क्षुल्लक चूक लागत होती. नाथ रात्रभर दिव्यापाशी वह्या घेऊन बसले. पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. हिशेब हा काही रसाळ विषय नव्हे. पण रात्रभर बसणाऱ्याला त्यातही टाळी वाजवण्यासारखे काही सापडले. रस पदार्थात असतो तसा जिभेतही असतो. एक सत्र मनापासून अभ्यास केल्यावर रस लागला नाही, तर ते सांगण्याला वजन आहे. वर्गातच न बसता ‘विषय माझा नाही’ म्हणणे हे मात्र जेवणाला न बसता भाजी अळणी म्हणण्यासारखे आहे.

आता दुसरा प्रश्न, घेतलेला विषय सोडण्याचा. येथे पूर्वपक्ष मोठ्या जोरात उभा राहतो, आणि तोही गीतेचा आधार घेऊन. तो म्हणतो, भगवंतांनी स्वधर्म सोडू नये असे सांगितले, स्वधर्मात उणेपणा असला तरी तोच श्रेष्ठ म्हटला. मग हाती घेतलेला अभ्यास अर्ध्यावर टाकणे म्हणजे अर्जुनाने रथात धनुष्य टाकण्यासारखेच झाले. पोराला दामटून तेथेच बसवा!

यावर सिद्धान्त असा. गीतेत हा विचार तिसऱ्या अध्यायात येतो आणि अठराव्यात पुन्हा येतो, आणि अठराव्यात तो स्वभावाशी जोडलेला आहे. ज्या कर्माला माणसाचा स्वभाव अनुकूल, ते त्याचे कर्म. प्रवेशाच्या अर्जावर पहिल्या रकान्यात जे लिहिले तो स्वधर्म, असे गीता कोठेही म्हणत नाही. उलट ज्या पोराने मेहुण्याच्या मुलीकडे पाहून विषय घेतला, त्याने पहिल्या दिवशीच परधर्म घेतला आहे. तो सोडून आपल्या स्वभावाच्या अभ्यासाकडे येणे म्हणजे स्वधर्म टाकणे नव्हे. स्वधर्माकडे परत येणे आहे. अर्जुनाचे उदाहरण येथे लागत नाही. तो युद्धविद्येचा अनधिकारी नव्हता. त्याला मोह झाला होता. म्हणून पाहायचे ते एवढेच: समोरच्या पोराला मोह झाला आहे, की खरोखर त्याचा अधिकार दुसरीकडे आहे?

हे पाहण्यासाठी वैराग्याचा दृष्टान्त घ्या. वैराग्याचे एक स्मशानवैराग्य असते. चितेपाशी उभे असताना संसार खोटा वाटतो. घरी येऊन अंघोळ केली की चहाची आठवण होते. परीक्षेच्या आदल्या रात्री आणि निकालाच्या दिवशी होणारे विषयाचे वैराग्य बहुधा या जातीचे असते. म्हणून त्या दिवसांत निर्णय घेऊ नये. पंधरा-वीस दिवस जाऊ द्यावेत आणि मग पोराने स्वतःला विचारावे: मी कष्टाला कंटाळलो आहे की विषयाला? खोलीवरच्या संगतीमुळे मागे पडलो आहे का? इंग्रजी समजत नाही म्हणून विषय समजत नाही, असे तर नाही? (हे खेड्यातल्या पोरांचे फार होते, आणि त्याला औषध भाषेचे आहे, विषय बदलण्याचे नव्हे.) आणि शेवटचे, मी कशापासून पळतो आहे एवढेच मला ठाऊक आहे, की कशाकडे जातो आहे हेही ठाऊक आहे? जो फक्त सोडतो, त्याला थांबवावे. जो एक सोडून दुसरे धरतो, त्याचे ऐकावे.

एका वारीत नातेपुत्याच्या मुक्कामी माण तालुक्याच्या बाजूचा एक शेतकरी राहुटीत आला. म्हणाला, “महाराज, एक एकर गहाण टाकून पोराला इंजिनिअरिंगला घातलं. कॉम्प्युटर. आता दुसऱ्या वर्षाला हाय, चार विषय राहिलेत. दिवाळीला आलं तवा म्हणलं, मला हे जमत न्हाई. म्या तोंडात मारली. तवापासनं फोन उचलत न्हाई.”

मी विचारले, “मारण्याआधी त्याला काही विचारलंत का?”

“काय इचारायचं?”

“काय जमतं ते.”

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “त्याला इहिरींचा नाद हाय. गावातल्या साऱ्या इहिरींचं पाणी किती हात खाली गेलं ते आठवीपासनं वहीत लिहून ठिवतं.”

मंडळी, अधिकारी म्हणतात तो हा! कोणी सांगितले नाही, गुण मिळणार नाहीत, तरी जे पोर दुष्काळी गावात वर्षानुवर्षे विहिरींची नोंद ठेवते, त्याचा कल पाण्यासारखा स्वच्छ दिसतो आहे. मी त्या शेतकऱ्याला सांगितले, या नादाचे शास्त्र आहे, त्याला भूशास्त्र म्हणतात. भूजल शोधण्याचे आणि मोजण्याचे काम करणारी राज्याची स्वतंत्र यंत्रणाच आहे. हे शिकून त्याचे पोटही भरू शकेल. पण आज रात्री काही ठरवू नका. आज रात्री फोन करा आणि आधी ‘जेवलास का’ एवढेच विचारा. मग त्याला भूशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाकडे पाठवा, तेथल्या वर्गात दोन दिवस बसू द्या, आणि राहिलेल्यांपैकी जे पेपर देता येतील ते देऊन मग निघू दे. पाठ दाखवून निघालेला माणूस पुढेही पाठच दाखवतो.

ते पोर आता बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. पुढे काय होईल ते पांडुरंग जाणे. गहाण जमीन अजून सुटलेली नाही. पण बापाचा फोन पोर उचलते.

जाताना हातचे काम पुरे करून जावे, याचे मोठे उदाहरण डॉ. होमी भाभांचे आहे. मुंबईचा हा मुलगा १९२७ मध्ये केंब्रिजला गेला तो यांत्रिक अभियांत्रिकी शिकण्यासाठी. वडिलांची आणि आत्याचे यजमान दोराबजी टाटा यांची इच्छा अशी की, त्याने परत येऊन जमशेदपूरच्या लोखंडाच्या कारखान्यात काम करावे. तेथे त्याचे मन भौतिकशास्त्राकडे ओढले गेले, आणि त्याने वडिलांना तसे स्पष्ट लिहिले. वडिलांनी काय केले? शिव्या दिल्या नाहीत, पैसे बंद केले नाहीत, आणि लगेच ‘हो’ही म्हटले नाही. ते म्हणाले, आधी अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग पुढल्या शिक्षणाचा खर्च मी देतो. १९३० मध्ये मुलाने पहिला वर्ग आणून दाखवला. वडिलांनी शब्द पाळला. १९३२ मध्ये तो गणिताची परीक्षाही पास झाला. पुढे १९४५ साली त्यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. यात मुलाचा कल खरा ठरला हे तर आहेच. पण मी वारकरी बापांना सांगेन, त्या वडिलांकडे पाहा. त्यांनी पोराचे वैराग्य स्मशानातले आहे की खरे आहे, हे अपमान न करता पारखले.

काही मुले मला विनोबांचे नाव सांगतात. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईस निघालेले विनोबा सुरतेस उतरले आणि काशीस गेले, हे खरे. पण काशीस ते संस्कृत शिकायला बसले, आणि पुढच्याच वर्षी वाईस नारायणशास्त्री मराठ्यांपाशी पुन्हा शास्त्राध्ययनाला राहिले. परीक्षा सुटली, अध्ययन सुटले नाही. गीताई उगाच नाही झाली. तेव्हा विनोबांचे नाव घ्यायचे तर सुरतेचे स्टेशन आणि वाईची पाठशाळा दोन्ही घ्या.

मुलांनो, आणखी एक गोष्ट तुमच्या हिताची सांगतो. तुकोबारायांनी देहूस सावकारीच्या खतांचा त्याग केला, तेव्हा सगळी खते इंद्रायणीत बुडवली नाहीत. धाकट्या भावाचा, कान्होबाचा अर्धा वाटा त्याच्या हाती ठेवला, आणि आपला अर्धा बुडवला. वैराग्य स्वतःच्या वाट्याचे करायचे असते, दुसऱ्याच्या नव्हे. तुम्ही विषय बदलता तेव्हा त्यात बापाचा वाटा आहे, धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा वाटा आहे. म्हणून बसून हिशेब करा. भरलेल्या फीपैकी किती परत मिळेल, शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला कधी कळवायचे, नवे वर्ष किती खर्चाचे, हे कागदावर लिहा. शिष्यवृत्ती असेल तर विषय बदलण्याआधी कार्यालयात तिचा नियम विचारून घ्या. पूर्वपरवानगीवाचून अभ्यासक्रम बदलला तर काही शिष्यवृत्त्या रद्द होऊ शकतात. हा कागद बापापुढे ठेवून मग बोला. बापाचा निम्मा राग त्या कागदानेच उतरेल, कारण त्याला दिसेल की पोर पळत नाही, विचार करून वळते आहे.

आणि झालेले शिक्षण वाया गेले असे कोणी म्हणू नका. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने हाच प्रश्न विचारला आहे. योगाला लागला आणि मध्येच ढळला, तो दोन्हीकडून गेला की काय? भगवंतांनी आश्वासन दिले की त्याचा नाश नाही. मागचे संचित घेऊन तो पुन्हा तेथूनच चालू लागतो. आजच्या व्यवस्थेत या संचिताची वही सरकारनेच उघडली आहे! २०२१ च्या नियमांनी ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आली. विद्यार्थ्याने पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक तिच्यात जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत कामी येऊ शकतात. नव्या आराखड्यात वर्षाला साधारण ४० श्रेयांक असतात. एक वर्ष पूर्ण करून, चार श्रेयांकांचा कौशल्याचा अभ्यास जोडून बाहेर पडावे लागले, तर प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षांनी पदविका. आणि तीन वर्षांच्या आत परत येऊन पुढे शिकता येते. नव्या विषयात जुने श्रेयांक किती धरायचे ते त्या विद्यापीठाचे नियम पाहून ठरते, म्हणून आधी विचारावे. पण ‘दोन्हीकडून गेला’ हे आता कायद्यानेही खरे नाही, आणि भगवंतांच्या वचनाने तर कधीच नव्हते.

शेवटी आईबापांना हात जोडून एक सांगणे आहे. निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्रात ज्या बातम्या येतात त्या तुम्ही वाचता, आणि पान उलटता. ती पोरे काही कोणत्या विषयात नापास होऊन गेली नाहीत. ‘मला हे जमत नाही’ एवढे वाक्य घरी बोलायला त्यांना जागा मिळाली नाही, म्हणून गेली. पोरच गेल्यावर पदवी कुणाच्या नावापुढे लावायची? ज्या घरात विठ्ठलाला ‘माउली’ म्हणतात, त्या घरात पोराला हे वाक्य बोलता येऊ नये? माउली पडलेल्याला आधी उचलते. का पडलास ते मागाहून विचारते. तुमचे पोर गप्प झाले असेल, जेवणावरून उठत असेल, फोन टाळत असेल, तर आजच बोलते करा, आणि तुम्हाला जमत नसेल तर त्याच्या शिक्षकाला, डॉक्टरला बोलवा.

तर या वर्षी अर्ज भरायला बसाल तेव्हा पाहुण्याचा प्रश्न बाजूला ठेवा. आधी पोराकडे पाहा: अधिकारी कोण आहे? मग विचारा, हे शिकून काय साधायचे? मग पाहा, याचे आणि विषयाचे जमते का? या तिन्हींची उत्तरे आली की विषयाचे नाव आपोआप लिहिले जाईल. आणि वर्ष-दोन वर्षांनी उत्तर बदलले, तर घाबरू नका. पंढरीची वाट चुकली तर वारकरी घरी परतत नाही. कोणाला तरी विचारतो आणि नीट वाटेला लागतो.

पांडुरंग सर्व विद्यार्थ्यांना सद्बुद्धी देवो आणि आईबापांना धीर देवो.

जय हरि विठ्ठल!